मागच्या सीटवरची पाठ

जोडणारा : हलवून बघा हा मागच्या सीटचा टेकू, तात्या. हवा तेवढा जोर लावा. पाईप एक इंची आहे, १६ गेजचा. खाली ६ एमएमची पट्टी आणि गाडीच्या मूळ कॅरियरचेच चार बोल्ट. पाठीला १२ एमएमचं प्लाय, त्यावर दीड इंच फोम, वरून रेक्झिन. तेसुद्धा सीटवाल्याकडून शिवून घेतलंय, नुसत्या पिना मारलेल्या नाहीत. पाईप गोठ्याच्या कामातला उरलेला, प्लाय जुन्या कपाटाचं. म्हणजे खर्च म्हणाल तर फोम, रेक्झिन आणि वेल्डिंगवाल्याची मजुरी. हौस म्हणून केलेलं नाही हे. आईला महिन्यातून दोनदा शिरूरला दाखवायला न्यावं लागतं. मणक्यात गॅप आहे तिच्या. मळ्यातून निघालो की वडगाव रासाई येईपर्यंतच ती दोनदा 'थांब' म्हणते. पुढे न्हावऱ्याकडून शिरूर गाठेपर्यंत पाठ इतकी अवघडते, की उतरल्यावर पाच मिनिटं गाडीलाच धरून उभी राहते. चालवणाऱ्याला पुढे हँडल आहे, टाकीला गुडघे लावता येतात. मागच्याला काय आहे? मागे बसणारा माणूस गाडी करणाऱ्याने हिशेबातच धरलेला नाही. तेवढंच मी दुरुस्त केलं.

हलवून पाहणारा : हिशेबात धरलेला नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम मागच्या माणसासाठीच आहे. धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. म्हणजे हात, पाय आणि पदर या तिघांची सोय सांगितलेली आहे. पाठीची नाही, हे तुझं खरं. पण माझा पहिला प्रश्न पाईपचा नाहीच. मणका दुखणाऱ्या बाईला दुचाकीवर बसवायचंच कशाला? बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या वरच्यांना तर त्याच्या आदल्या वर्षापासून फुकट. नाही जमली एसटी, तर वडाप आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी उमर गेली, म्हणून तिची बाजू घेतो असं समजू नकोस. बसची सीट कितीही कडक असली तरी तिला पाठ असते, खिडकी असते, पुढच्या सीटचा दांडा असतो. दुचाकीवर हे सगळं पाईप वाकवून पुन्हा तयार करायचं, यापेक्षा माणसाला जिथे ते आधीच आहे तिथे बसवावं.

जोडणारा : एसटी फाट्यावर येते, तात्या, आई मळ्यात असते. मधलं अंतर उसातल्या पाणंदीचं. त्या पाणंदीत पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एवढ्या खोल पडतात की चालत जाणाऱ्यालाही बांधावरून जावं लागतं. म्हणजे फाट्यापर्यंत मोटारसायकल लागणारच. मग तिथे उतरवायचं, उभं करायचं, पुन्हा चढवायचं. दुखण्याच्या माणसाला बसण्यापेक्षा चढ-उताराचा त्रास जास्त. वडापचं म्हणाल तर जीपच्या मधल्या सीटवर चौघं बसतात आणि पाचवा अर्धा मांडीवर. शिवाय वडापवाला थांबतो तो भरायला, तिची पाठ मोकळी करायला नाही. माझ्या गाडीवर ती माझ्या पाठीवर थाप मारते आणि मी लिंबाखाली थांबतो. तुम्ही सांगता ती सोय खरी आहे, पण ती रस्त्याला लागून राहणाऱ्यांची. वस्तीवरच्या घराला दारात येणारं वाहन एकच, आणि ते दोन चाकांचं. म्हणून ते सुधारायचं.

हलवून पाहणारा : हे मान्य. मग पाईपकडे वळू. वेल्डिंग गाडीवरच मारलं का? अर्थ चेसिसला लावून?

जोडणारा : नाही. कॅरियर उतरवून नेला होता. वेल्डिंगवाला म्हणत होता गाडीच आणा, पाच मिनिटांत मारून देतो.

हलवून पाहणारा : वाचलास. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, तेव्हापासून १०० सीसीच्या गाडीलाही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन बसलं. म्हणजे सीटखाली एक कॉम्प्युटरची डबी आहे. बॅटरी न सोडता गाडीवर वेल्डिंग मारलं तर ती डबी जळू शकते. आईचा टेकू मग फारच महाग पडला असता. आता हा जोड बघ. कॅरियरच्या क्रोमवरच मारलाय. क्रोम घासून खालचं लोखंड उघडं केल्याशिवाय वेल्डिंग आत शिरत नाही, वर नुसतं बसतं. दिसायला मणी छान दिसतो, पण तो चिकटवलेला असतो. आणि समजा घासून मारलं, तरी पाईप तुटतो तो जोडात नाही, जोडाच्या अगदी कडेला. तिथे १६ गेजचा, म्हणजे दीड एमएमच्या आसपासचा पत्रा तापून गेलेला असतो. एका झटक्यात नाही तुटत. रोज हजार वेळा बारीक हलतो, एक केसाएवढी चीर पडते, ती रंगाखाली दिसत नाही, आणि एक दिवस खड्ड्यात काम संपतं.

हिशेब सांगतो. तुझी गादी खालच्या पट्टीपासून १२ इंच वर आहे. पुढच्या-मागच्या बोल्टात अंतर ४ इंच. आईने पाठीने २० किलोचा रेटा दिला, तर पुढच्या बोल्टांवर वर उचलणारी ओढ ६० किलोची. तिप्पट. खड्ड्यात रेटा ६० झाला, की ओढ १८०. बोल्ट त्याला भीक घालणार नाही, बरा आठ एमएमचा बोल्ट टनाच्या वर सोसतो. पण हाच जोर त्या तापलेल्या पत्र्यातून जातो. हातापेक्षा दांडा लांब असला की पहार दगड उपटते ना, तसा तुझा टेकू स्वतःची मुळं उपटतोय.

जोडणारा : मग उंची कमी करतो. तसाही वरचा भाग वाया जातो. मीच मागे बसून पाहिलं. आराम मिळतो तो कंबरेच्या वरच्या खोलगटात काहीतरी लागलं की. खांद्यापर्यंत गादी न्यायची गरज नाही, ते दुकानातल्या फोटोत बघून झालं. ६ इंचांवर आणली तर तुमचाच हिशेब निम्म्यावर येतो. कोपऱ्यात दोन्हीकडे त्रिकोणी पट्टी मारतो, क्रोम घासतो, नट नायलॉनचे घालतो म्हणजे थरथरीने सुटणार नाहीत. बोला, आता लोखंडाची हरकत संपली का? आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. आपल्या पुण्याच्याच बजाजने २००५ साली ॲव्हेंजर काढली, तिला मागे टेकू कंपनीतूनच होता. अमेरिकेत तर साठच्या दशकापासून लोक घरच्या घरी पाईप वाकवून बसवतात. तिकडे त्याला 'सिसी बार' म्हणतात, म्हणजे भित्र्यांचा दांडा. टेकणाऱ्याची टिंगल करणारं नाव पडलं आणि दांडा मात्र जगभर खपला. माणसाला पाठ आहे, ही गोष्ट लपवून किती दिवस राहणार?

हलवून पाहणारा : ॲव्हेंजर बुटकी, लांब. तिच्यावर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, आणि टेकू कुठे यावा हे गाडी आखतानाच ठरलेलं. तुझी गाडी आखूड. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास. तिच्या सीटचं शेवटचं टोक मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जातं. टेकू नव्हता तेव्हा आई तुला चिकटून, आसाच्या पुढे बसत होती. आता टेकायचं म्हणून ती मागे सरकणार. चार इंच मागे सरकली की मागचं टायर जास्त दबणार आणि पुढचं हलकं होणार. चढाला, ओल्या रस्त्याला पुढचं चाक हलकं असणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. गादी पुढे घेतलीस तर तुम्ही दोघं एकमेकांवर दाबले जाणार. मधली जागा सापडते, पण ती इंचाइंचाने शोधावी लागते, आणि ती एका माणसाच्या मापाची असते. दुसरा बसला की चुकली.

पण खरी हरकत ही नाही. खरी हरकत मुठीची आहे. तू टेकू दिलास की माणूस हात सोडतो. टेकू नसताना आई काय करत होती? एक हात तुझ्या खांद्यावर, दुसरा कॅरियरच्या कडीला. अंग आवळलेलं, डोळे रस्त्यावर. खड्डा तिला तुझ्याइतकाच आधी दिसायचा. त्यात शीण होता, पण ती बसलेली होती, ठेवलेली नव्हती. आता ती टेकणार, हात मांडीवर घेणार, पेंगणार. बाई सैल पडली की तिचं सगळं वजन तुझ्या त्या दोन जोडांवर. आधी तिचा भरवसा स्वतःच्या हातावर होता. हाताला कळतं आपण दमलोय ते. लोखंडाला कळत नाही, किंवा कळलं तरी ते सांगत नाही.

जोडणारा : हे तर्कट झालं, तात्या. या न्यायाने जिन्याला कठडासुद्धा नको, कारण कठडा असला की माणूस गाफील राहतो. आवळून बसणं ही सावधगिरी नाही, ती शिक्षा आहे. तासाभराचा रस्ता, आणि म्हातारी पूर्ण वेळ मूठ आवळून. तिच्या मनगटाला सूज येते. दमलेल्या हाताची मूठ पहिल्या दहा मिनिटांत खरी असते, नंतर ती नुसती तिथे असते. मला विचाराल तर ज्याच्या हातात जोर आहे त्याला टेकूची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याच्या हातात जोर नाही. तुम्ही ज्या मुठीवर भिस्त ठेवता ती आईच्या तिशीतली मूठ आहे.

हलवून पाहणारा : हे चांगलं बोललास. कठड्याचं मात्र पटत नाही. कठडा गवंडी बांधतो, आणि तो पडला तर जिना पुढे पळत नसतो. पण मुठीचं मान्य. तरी एक सांग, आई बसते कशी? दोन्हीकडे पाय टाकून, की एका बाजूने?

जोडणारा : एका बाजूने. सहावारी नेसते ना.

हलवून पाहणारा : मग हा टेकू तिच्या पाठीला लागतो कुठे?

(इथे बराच वेळ कुणी बोललं नाही. पाईपच्या गेजवर आणि बोल्टच्या मापावर इतका वेळ गेला होता, आणि बसणारीचं तोंड कुठल्या दिशेला असतं हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच आधी सुचला नव्हता. असं फक्त या दोघांचंच होतं असं नाही.)

जोडणारा : डाव्या दंडाला लागतो.

हलवून पाहणारा : दंडाला, आणि थोडा बरगडीला. पाय डावीकडे सोडून ती बसते तेव्हा तिचं तोंड रस्त्याच्या कडेला असतं, उजवा खांदा तुझ्या पाठीशी, डावा मागे. तिची पाठ असते उजवीकडे, उघड्या रस्त्याकडे. तू जो बनवलास तो टेकू पाय दोन्हीकडे टाकून बसणाऱ्याचा. पंजाबी ड्रेस घालून तुझी बायको बसते, तिचा. केलास आईसाठी आणि माप झालं सुनेचं. नऊवारीत कासोटा असल्यामुळे पाय दोन्हीकडे टाकता येतात, पण गावातून जाताना टाकतंय कोण? एवढंच नाही. उजव्या हाताने ती तुझा खांदा धरते, डाव्या हाताने कॅरियरची कडी. ती कडी कुठे आहे आता? तुझ्या ६ एमएमच्या पट्टीखाली. पट्टी कडीला चिकटून बसलीय, चार बोटं आत जायची फट उरलेली नाही. नियमात जी एक वस्तू स्पष्ट मागितली होती, धरायची मूठ, तीच तू झाकलीस, आणि जी मागितली नव्हती ती बसवलीस.

जोडणारा : कडीचं चुकलं. ते मला दिसायला हवं होतं. पट्टी एक इंच वर उचलून मध्ये स्पेसर घालता येईल, म्हणजे बोटं जातील. पण दंडाला लागतो म्हणून टेकू वाया गेला असं मी म्हणणार नाही. गाडी उचलताना, गिअर टाकताना ती मागे, म्हणजे तिच्या डाव्या अंगाला कलंडते. तिथे काहीतरी आहे हेही खुर्चीच्या हातासारखं कामाला येतं. आणि पाठीचंच म्हणाल तर सीटच्या उजव्या कडेने दुसरी गादी उभी करता येईल. काटकोनात. म्हणजे मागे हात आणि उजवीकडे पाठ, पूर्ण खुर्ची. जगात कुणी केली नसेल अशी, कारण जगात एका बाजूने बसणाऱ्या बायका इतक्या नाहीत. आपल्याकडे साडीगार्ड आहे तर साडीचा टेकू का नको?

हलवून पाहणारा : कल्पना चांगली आहे, म्हणून जास्त भीती वाटते. गाडी डावीकडे चालते, ओलांडणारा उजवीकडून जातो, समोरचा येतो तोही उजव्या अंगाने. गळिताच्या दिवसांत उसाची ट्रॉली समोरून आली की ट्रॉलीच्या बाहेर हातभर वाढे आणि कांड्या लोंबत असतात. आपण हँडल आत घेऊन, कोपर अंगाला लावून सुटतो. तुझी उजवीकडची गादी अंग चोरणार नाही. तिला एक कांडं अडकलं की गाडी, तू आणि आई, तिघं ट्रॉलीच्या चाकाकडे. शिवाय तू गाडीवर बसणार कसा? मागून पाय टाकायला टेकू आडवा, पुढून टाकायचा तर टाकीवरून. तू तरुण आहेस, टाकशील. पण धारेची किटली, वैरणीचा भारा, खताची गोणी या गाडीवर रोज जाते. त्या वेळी ही खुर्ची कुठे ठेवणार?

जोडणारा : पिन टाकून. दोन नळ्या पट्टीला कायमच्या, टेकू वरून त्यात सरकवायचा, आडवी पिन मारायची. वैरणीला जाताना काढून ठेवायचा. उजव्या बाजूची गादी सोडली, ती नको, तुमची ट्रॉली डोळ्यांसमोर उभी राहिली. पण मग उरतं काय? आईची पाठ पुन्हा उघडीच. आणि तुम्ही म्हणणार, बघ, मी म्हटलं नव्हतं?

हलवून पाहणारा : नाही म्हणणार. तू खालून सुरुवात करायला हवी होती, एवढंच म्हणेन. तिचे पाय कुठे असतात? साडीगार्डची ती पट्टी, चार बोटं रुंदीची. तिच्यावर चपलेचं टोक कसंबसं टेकतं, टाच अधांतरी. पाय लोंबकळतात म्हणून मांडी घसरते, मांडी घसरते म्हणून कंबर वाकते, आणि कंबर वाकते म्हणून पाठ दुखते. आम्ही बसच्या सीटा बदलायचो तेव्हा जुने कारागीर आधी सीटची उंची फळीपासून मोजायचे, पाठ नंतर. पाय पूर्ण टेकले की निम्मी पाठ आपोआप उभी राहते. त्या पट्टीच्या जागी वीतभर रुंद पत्र्याची फळी लाव, वर रबर चिकटव, आणि ती तिच्या गुडघ्याच्या मापाने वर घे. मागच्या शॉकॲबची पायरी बघ, दोघांच्या वजनाला लावलीय का. चाकात हवा जोडीची भर. यातलं काहीच दिसत नाही, गावात कुणी थांबून 'कुठून बनवला' विचारणार नाही. टेकू दिसतो, म्हणून तो आधी सुचतो.

जोडणारा : ते लागलं मला. खोटं नाही, चावडीपाशी चौघांनी विचारलं तेव्हा बरं वाटलं होतं. फळी करतो. पण टेकू काढत नाही. फळीने पाठ उभी राहील, पण दमली तर टेकायला काहीतरी हवंच. आणि मी एक पट्टा लावायचा विचार करत होतो. टेकूला बांधलेला, कमरेभोवती, जीपच्या बेल्टसारखा. म्हणजे पेंगली तरी पडणार नाही.

हलवून पाहणारा : पट्टा मुळीच नाही. बाकी सगळ्यावर वाद घालू, यावर नाही. गाडी घसरली तर माणूस गाडीपासून सुटायला हवा. बांधलेला माणूस गाडीबरोबर फरफटतो. चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी २०२२ मध्ये नियम काढला. पट्टा हवा, हेल्मेट हवं, वेग ताशी ४० च्या वर नको. पण तो पट्टा मुलाला गाडीशी बांधत नाही, चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधतो. नियम करणाऱ्यालाही दुचाकीवर भरवशाची वस्तू गाडी वाटली नाही, माणसाचं अंग वाटलं. यात बरंच काही आहे, बघ.

जोडणारा : यात मला उलटंच दिसतं. मुलाला चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधतात कारण मूल बापाच्या छातीएवढं असतं. सत्तरीची बाई माझ्या खांद्याला धरून बसली की खड्ड्याखड्ड्याला तिचं ओझं माझ्या खांद्यावर, आणि तिला ते कळतं. दर वेळी ती 'तुला जड होतंय का रे' विचारते. मी नाही म्हणतो, ती हात उचलून घेते. टेकू हवा तो याच्यासाठी. लोखंडाला कुणी 'जड होतंय का' विचारत नाही. माणसाच्या अंगावर भार टाकणं हे माणसालाच अवघड जातं, तात्या, विशेषतः ज्याने आयुष्यभर तो उचलला त्याला.

हलवून पाहणारा : हं.

जोडणारा : कायद्याचं राहिलं. वेल्डिंगवाला म्हणाला, पकडतील.

हलवून पाहणारा : १९८८ च्या कायद्याचं ५२ वं कलम गाडीत फेरफार करू नका म्हणतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडक वाचलं. कंपनीने जशी दिली आणि आरसीत जशी नोंदली, तशीच गाडी हवी. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे, की फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल ज्याने तिचं मूळ रूप बदलतं. पिन काढली की निघणारा टेकू त्यात बसतो का, हे रस्त्यावरचा हवालदार एक सांगेल आणि अपघातानंतर विमावाल्याचा माणूस दुसरं. मला त्या दुसऱ्याची काळजी आहे. त्यापेक्षा १२९ वं कलम सरळ आहे, हेल्मेट मागच्यालाही लागतं. आईला आहे?

जोडणारा : कान बंद होतात म्हणते. पदर घेते डोक्यावर.

हलवून पाहणारा : पाठीला दीड इंच फोम आणि डोक्याला पदर. पडली तर काय आधी लागणार, पाठ की डोकं? तुझ्या रेक्झिनच्या पैशात थोडी भर घातली असतीस तर आयएसआयचं हेल्मेट आलं असतं. तू तिच्या दुखण्यावर उपाय केलास, धोक्यावर नाही. दुखणं रोज बोलतं, धोका बोलत नाही.

जोडणारा : बरोबर आहे तुमचं, आणि तरी एवढं बरोबर नाही. धोका टाळायचा म्हणून दुखणं सहन कर, हे आपण म्हाताऱ्यांना फार सहज सांगतो. धोका उद्याचा आहे आणि आपल्याला दिसतो. दुखणं आजचं आहे आणि ते तिचं तिलाच माहीत. मी दोन्ही करीन, हेल्मेटही आणीन. पण तुम्ही मला क्रम लावायला सांगाल तर मला लावता येणार नाही.

हलवून पाहणारा : मलाही नाही. एक विचारू? ती बसली का यावर? काय म्हणाली?

जोडणारा : परवा मांडवगणच्या बाजाराला नेलं होतं. टेकलीच नाही. पूर्ण रस्ताभर पुढे सरकून, माझा शर्ट धरून. उतरल्यावर म्हणाली, मागे काही लागलं की कुणी ढकलतंय असं वाटतं. आणि मग म्हणाली, असू दे, तू केलंयस तर. त्या दुसऱ्या वाक्यावर मला झोप आली नाही.

हलवून पाहणारा : हे पहिल्यांदा सांगायचं सोडून पाईपचं गेज सांगत बसलास.

जोडणारा : गेज सांगता येतं.

हलवून पाहणारा : सवय लागेल तिला, किंवा नाही लागणार. तू उंची कमी कर, कडी मोकळी कर, पायाखालची फळी लाव. मग विचार. पण तेव्हा टेकू समोर ठेवून विचारू नकोस, नाहीतर पुन्हा 'असू दे' म्हणेल.

जोडणारा : आधी युरियाची गोणी बांधून न्हावऱ्यापर्यंत जाऊन येतो. ४५ किलो आहे, आईपेक्षा थोडी कमी. जोड तडकला तर गोणी पडेल.

हलवून पाहणारा : गोणी एका बाजूने बसत नाही, आणि तिला काही विचारताही येत नाही. मी बसतो मागे, पाय डावीकडे सोडून. धोतर आहे, चालेल. लोक हसतील ते हसू देत. दोन हेल्मेट आण, आणि त्या पुलाच्या अलीकडच्या खड्ड्यातून मुद्दाम घे.